फुकट औषधाची किंमत

रिफॅम्पिसिन, डॅप्सोन आणि क्लोफॅझिमिन ह्यांच्या संयुक्त उपचाराची शिफारस जागतिक आरोग्य संघटनेने १९८१ मध्ये केली आणि कुष्ठरोग खात्रीने बरा होऊ लागला. रुग्णाला ही औषधे विनामूल्य मिळतात. परंतु त्यांची एक किंमत कोणत्याच हिशेबात धरली जात नाही. क्लोफॅझिमिन हे मुळात तांबडे रंगद्रव्य. ते त्वचेत साचते आणि काही महिन्यांतच कांती तांबूस, पुढे काळपट दिसू लागते. औषध थांबल्यावर हा रंग हळूहळू ओसरतो, असे वैद्यक सांगते, आणि ते खरेच आहे. परंतु तोवर, सदऱ्याआड झाकलेला रोग औषधच चेहऱ्यावर जाहीर करते. रोजंदारीवरील मजुराला किंवा लग्नाच्या मुलीला ही जाहिरात परवडत नाही. मग गोळ्या सुटतात आणि रोग पुन्हा बळावतो.

ह्यावर उपाय औषध टाळणे हा नव्हे. रंग बदलेल, पण तो कायमचा नाही, हे पहिल्या गोळीबरोबरच रुग्णाला व त्याच्या घरच्यांना सांगणे हा उपचाराचाच भाग मानला पाहिजे. सांगण्याला फारसा खर्च येत नाही. न सांगण्याचा खर्च मात्र गरिबाच्याच खाती पडतो.