कोबेतील बुधवार की गुरुवार?
कोशर, म्हणजे यहुदी आहारनियमांत बसणारे, अन्न शोधणाऱ्या प्रवाशाला जपानमध्ये पर आणि खवले असलेला मासा चालतो. त्याहून बिकट ठरतो तो वाराचा प्रश्न, कारण पूर्वेकडे जाताना वार नेमका कुठे बदलतो यावर धर्मपंडितांत मतभेद आहेत. जपानी वाणिज्यदूत चिउने सुगिहारा यांच्या प्रवासपरवान्यांवर लिथुआनियातून कोबेला पोचलेल्या यहुदी निर्वासितांनी १९४१ मध्ये योम किप्पूरचा, म्हणजे प्रायश्चित्ताचा, कडक उपवास कधी धरावा असे पॅलेस्टाइनमधील धर्मपंडितांना तारेने विचारले, तेव्हा मुख्य रब्बी हर्झोग यांनी बुधवार सांगितला, तर जेरुसलेमच्या पूर्वेस ९० अंशांवर वार बदलतो असे मानणाऱ्या रब्बी हाझोन इश यांनी गुरुवार. जीव मुठीत धरून आलेल्या माणसांनी वाराची इतकी काळजी वाहावी, हे खरोखर थोर आहे; या मतभेदामुळे आजही जपानमधील काही सनातनी यहुदी शनिवारच्या शब्बाथनंतर, म्हणजे साप्ताहिक विश्रांतिदिनानंतर, रविवारीही निषिद्ध कामे टाळतात.