बाहेरच्या भिंतीस जिप्सम बोर्ड

छतास शोभणारे जिप्सम बोर्ड बाहेरच्या भिंतीसही चालतात, असे आमच्या भोपाळच्या पेढीवरील माडी बांधताना एका ठेकेदाराने सांगितले. काम स्वस्त व झटपट, म्हणून आम्ही रुकार दिला. पहिल्याच पावसाळ्यात बोर्ड फुगले, त्यांच्या कागदावर काळी बुरशी चढली आणि आत रचलेला शरबती गहू ओलीने गेला. चाळीस वर्षे पोत्यांखाली फळ्या घालून ओलीशी झगडणाऱ्या आम्हांस ही चूक खचितच शोभली नाही.

दोष जिप्समचा नव्हे. राजस्थानात विपुल सापडणाऱ्या या खनिजाच्या वजनात सुमारे २१ टक्के पाणी बद्ध असते. आग लागता ते वाफेच्या रूपाने निघते, आणि ते सरेपर्यंत मागील बाजू फारशी तापत नाही. याच गुणास्तव अमेरिकेत लाकडी सांगाड्याच्या घरांस जिप्सम बोर्ड बाहेरूनही ठोकतात. मात्र तो बोर्ड निराळा. त्याच्या गाभ्यात जलरोधक द्रव्य असते, कागदाऐवजी काचतंतूंचे अस्तर असते, आणि वर पाणी अडविणारा पडदा घालून विटांचे वा फळ्यांचे आच्छादन करतात. उघडा तो तिकडेही ठेवीत नाहीत. आमच्या माडीस नुसता रंग होता!

तेव्हा सभासद बांधवांनी बोर्ड कोणत्या कामाचा, हे पावतीवर स्पष्ट लिहून घ्यावे. आम्ही पुनश्च विटांची भिंत घातली. भरपाई मागावयास गेलो, तो आमच्या पावतीवर ‘बोर्ड’ एवढाच शब्द होता.