पुनर्खरेदीचा टक्का आणि भागधारकाचा वाटा

शेअर बाजाराच्या चर्चेत एक हिशेब हल्ली फार सहज मांडला जातो. कंपनीने वर्षभरात बायबॅकवर, म्हणजे स्वतःचेच शेअर परत विकत घेण्यावर, किती पैसा खर्च केला ते पाहायचे, त्याला कंपनीच्या एकूण बाजारमूल्याने भागायचे आणि आलेली टक्केवारी लाभांशाच्या टक्केवारीत मिळवायची. या टक्केवारीला बायबॅक यील्ड म्हणतात. लाभांश दोन टक्के, बायबॅक दीड टक्का, म्हणजे भागधारकाच्या पदरात साडेतीन टक्के पडले, असा निकाल दिला जातो. हा निकाल मला मान्य नाही. पण ‘बायबॅक म्हणजे धूळफेक, बँकेत जमा होतो तोच खरा परतावा’ असे म्हणणारा दुसरा पक्षही तितकाच चुकतो. आपल्याकडच्या जुन्या गुंतवणूकदारांत तोच मोठा आहे, म्हणून आधी त्याचे पाहू.

ॲपलने 2024 च्या आर्थिक वर्षात लाभांशापोटी सुमारे 15 अब्ज डॉलर वाटले आणि बायबॅकवर सुमारे 95 अब्ज डॉलर खर्च केले. लाभांशवाद्यांच्या नजरेत ही कंपनी एक टक्काही देत नाही. प्रत्यक्षात 2013 मध्ये, नंतरची विभाजने जमेस धरून, ॲपलचे साधारण 26 अब्ज शेअर होते; 2024 मध्ये ते 15 अब्जांच्या आसपास उरले. या काळात ज्याने एकही शेअर विकला नाही की घेतला नाही, त्याची कंपनीतली मालकी पावणेदोन पटींच्या जवळ गेली. सातबाऱ्यावरच्या एखाद्या भावाने मोबदला घेऊन नाव काढून घेतले की उरलेल्यांचा हिस्सा वाढतो, तसेच हे आहे. त्याला परतावा न म्हणणे हा हट्ट झाला.

मात्र त्या भावाला मोबदला किती दिला, हा प्रश्न उरतोच, आणि यील्ड मिरवणारा पक्ष नेमका तोच विचारत नाही. टीसीएसचा 2023 चा बायबॅक घ्या. कंपनीने 17,000 कोटी रुपये बाजूला काढले. त्या वेळी बाजारभाव सुमारे 3,600 रुपये आणि बाजारमूल्य तेरा लाख कोटींच्या थोडे वर होते, म्हणजे यील्ड जवळपास 1.3 टक्के. पण कंपनीने भाव दिला 4,150 रुपये. त्या भावाने सुमारे 4.09 कोटी शेअर आले आणि एकूण शेअर फक्त 1.12 टक्क्यांनी घटले. चढा भाव दिला म्हणून यील्ड कमी झाले नाही. घटली ती हाती आलेल्या शेअरची संख्या. शिवाय तेव्हाच्या कायद्याप्रमाणे कंपनीने सुमारे चार हजार कोटींचा कर वेगळा भरला. तोही भागधारकांच्याच तिजोरीतून गेला आणि त्या 1.3 टक्क्यांत कुठेच दिसला नाही.

बाजारभाव हीच खरी किंमत धरली, तर प्रत्येक शेअरमागे 550 रुपये, म्हणजे एकूण सव्वादोन हजार कोटी, शेअर देणाऱ्यांना जादा मिळाले. ज्याने आपल्या वाट्याचे शेअर टेंडर केले, म्हणजे बायबॅकमध्ये देऊ केले, त्याचे काही बिघडले नाही. पण बायबॅकची ईमेल न उघडता जो बसून राहिला, त्याच्या प्रत्येक शेअरमागून सहा रुपयांच्या आसपास निघून गेले. दोन लाखांपर्यंतची गुंतवणूक असलेल्या लहान भागधारकांसाठी 15 टक्के हिस्सा राखीव असतो, आणि तरीही अनेक घरांतले शेअर डिमॅट खात्यात तसेच पडून राहतात, याचे मला खरोखर वाईट वाटते. ‘कंपनीने परतावा दिला’ हे वाक्य या माणसाला लागू होत नाही.

बोइंगची गोष्ट याहून कडवट आहे. 2013 पासूनच्या सहा-सात वर्षांत तिने बायबॅकवर चाळीस अब्ज डॉलरहून अधिक ओतले. एकट्या 2018 मध्ये नऊ अब्ज, आणि तेव्हा शेअरचा भाव तीनशे डॉलरच्या वर होता. त्या वर्षीचे यील्ड साडेचार-पाच टक्क्यांच्या घरात जाते. यादी लावली तर बोइंग वरच्या नंबरात दिसली असती. मग 737 मॅक्सचे अपघात, कोविड, शेवटी कामगारांचा संप. ऑक्टोबर 2024 मध्ये याच कंपनीला 143 डॉलरने नवे शेअर विकून पैसा उभारावा लागला. तीनशेच्या वर घेतले, 143 ला विकले. भागधारकाला इथे काय परत मिळाले?

म्हणून माझे म्हणणे असे: मोजमाप टाकू नका, त्याचा अंश बदला. खर्च झालेले रुपये न धरता शेअरच्या संख्येतली निव्वळ घट धरा. अनेक अमेरिकी तंत्रज्ञान कंपन्या कर्मचाऱ्यांना एका हाताने नवे शेअर देतात आणि दुसऱ्या हाताने तितकेच परत घेतात. रुपयांच्या हिशेबात तो मोठा बायबॅक असतो, संख्येच्या हिशेबात शून्य. टीसीएसने 2017 ते 2023 या काळात पाच बायबॅकांवर 83,000 कोटी खर्च केले. बोनस जमेस धरून 394 कोटी शेअरचे 362 कोटी झाले, म्हणजे आठ टक्क्यांहून थोडी जास्त घट. ही घट खरी आहे, टिकलेली आहे, आणि तीच लाभांशाशेजारी मांडायच्या लायकीची आहे.

टेंडर करणाऱ्याने मात्र स्वतःच्या कराचा हिशेब वेगळा करावा. 1 ऑक्टोबर 2024 पासून मार्च 2026 पर्यंत बायबॅकची सगळी रक्कम भागधारकाच्या हाती लाभांश म्हणून करपात्र होती आणि शेअरची मूळ खरेदी किंमत भांडवली तोटा म्हणून दाखवायची सोय होती. त्यामुळे तीस टक्क्यांच्या टप्प्यातल्या माणसाला आणि ज्याला आयकरच लागत नाही अशा निवृत्ताला त्या काळात एकाच बायबॅकमधून मिळणारी रक्कम सारखी नव्हती.

एकूण शेअर किती, हा आकडा शोधायला फार हिंडावे लागत नाही. प्रत्येक तिमाहीनंतर कंपनी भागधारणेचा तक्ता शेअर बाजाराकडे देते आणि तो कोणालाही फुकट पाहता येतो. दलाली पेढ्यांनी आपल्या अहवालात बायबॅक यील्ड छापायचेच असेल, तर त्याच ओळीत पाच वर्षांपूर्वीची आणि आजची शेअरसंख्या छापावी.