संगणकांतील ठेव

हल्लीं लग्नकार्यांचीं छायाचित्रें, मुलांचे निबंध, क्वचित् दिवंगत आजीचा आवाजही एकाच संगणकांत सांठविलेला असतो. त्याची प्रत बाह्य हार्ड डिस्कवर उतरवून पुष्कळ पालक निश्चिंत होतात. परंतु ती डिस्क संगणकास अहोरात्र जोडलेलीच राहते! मे २०१७ मध्यें जगभर पसरलेल्या ‘वॉनाक्राय’ ह्या खंडणीखोर प्रोग्रॅमनें अशा जोडलेल्या डिस्कांवरील फायलींनाही कुलूप घातलें होतें. यास्तव प्रत उतरतांच डिस्क रीतसर सोडवून निराळ्या कपाटांत, शक्य तर आप्तांच्या घरीं, ठेवावी. मूळ फायल पुसून केवळ डिस्कवर ठेवणें ही प्रत नव्हे, तें स्थलांतर होय. अधूनमधून दोनचार फायली उघडूनही पाहाव्या. हें काम, आमच्या मतें, घरांतील मुलामुलींकडे सोंपवावें. वडीलधाऱ्यांहून तीं तें अधिक नेमानें करतील.