मोबाइल आहे, तयारीचे काय?

मार्च 2020मध्ये महाविद्यालये बंद झाली आणि तासिका मोबाइलच्या पडद्यावर आल्या. महासाथ ओसरली तरी ऑनलाइन शिक्षण राहिले. एका सत्रातील 40 टक्क्यांपर्यंत अभ्यासक्रम ‘स्वयम्’ मंचावरून करण्याची मुभा विद्यापीठ अनुदान आयोगाने 2021मध्येच दिली. विद्यार्थी त्यासाठी तयार आहेत का, हा प्रश्न मात्र मागे पडला.

राष्ट्रीय नमुना पाहणीच्या 2017-18च्या फेरीत ग्रामीण भागात 4.4 टक्के, तर शहरी भागात 23.4 टक्के कुटुंबांकडेच संगणक आढळला. त्यानंतर स्मार्टफोन वाढले. पण मोबाइलवर व्याख्यान ऐकता येते, प्रकल्प लिहिणे जिकिरीचे होते. घरात फोन एकच असेल, तर भावंडांत पाळी लावावी लागते.

शरीराचीही तयारी लागते. लहान पडद्यावर एकटक पाहताना पापण्यांची उघडझाप कमी होते, डोळे कोरडे पडतात, मान आखडते. दर 20 मिनिटांनी दूर पाहण्याने डोळ्यांना विसावा मिळतो. रात्री उशिरापर्यंतचा पडदा झोप लांबवतो. आणि शिकलेले मेंदूत पक्के होण्यासाठी झोपच लागते.

सर्वांत अवघड तयारी मनाची. वर्गात घंटा, शिक्षकांची नजर आणि शेजारचा मित्र लक्ष टिकवतात. घरी ते काम एकट्या विद्यार्थ्यावर येते. व्हिडिओ पाहून विषय समजल्यासारखा वाटतो; पण पडदा बंद करून आठवून लिहिले, तरच तो किती समजला ते कळते.

काही गोष्टी तर पडद्यावर येतच नाहीत. युक्रेन युद्धामुळे 2022मध्ये हजारो भारतीय वैद्यकीय विद्यार्थी परतले. ऑनलाइन शिकून पदवी मिळवलेल्या अंतिम वर्षाच्या विद्यार्थ्यांना राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने परवाना परीक्षेनंतर एकाऐवजी दोन वर्षांची आंतरवासिता सांगितली. रुग्णाचे पोट तपासणे हाताने शिकावे लागते. उणीव राहिली, तर तिची किंमत रुग्ण मोजतो.

म्हणून प्रवेशाच्या वेळीच महाविद्यालयांनी चार गोष्टी विचाराव्यात: साधन कोणते, नेटवर्क कसे, बसायला जागा आहे का, घरकाम किंवा नोकरी सांभाळून वेळ किती उरतो? उत्तरांनुसार उतरवून घेता येतील अशी छोटी व्याख्याने द्यावीत, ग्रंथालयातील संगणक संध्याकाळी खुले ठेवावेत आणि पहिल्या महिन्यात स्वतः अभ्यास कसा करायचा, हे शिकवावे. अन्यथा हजेरी नोंदली जाईल, शिक्षण मात्र राहून जाईल.