कडकनाथ : अंडी शेवटी खाणार कोण?

२०१९ सालच्या ऑगस्ट महिन्यात कृष्णा-वारणेच्या महापुराने सांगली जिल्ह्याचा मोठा भाग पाण्याखाली गेला होता. त्याच सुमारास या भागावर आणखी एक आपत्ती कोसळत होती. वाळवा तालुक्यातील इस्लामपूर येथील महारयत अ‍ॅग्रो इंडिया या कंपनीने सातारा, सांगली, कोल्हापूर व अन्य जिल्ह्यांतील हजारो कुटुंबांना कडकनाथ जातीच्या कोंबड्या पाळावयास दिल्या होत्या. कंपनीचे खाद्य येईनासे झाले, अंडी उचलली जाईनात आणि खुराड्यांतील पक्षी उपासमारीने मरू लागले. सप्टेंबरमध्ये मुख्यमंत्र्यांची महाजनादेश यात्रा सांगली जिल्ह्यातून जात असता तिच्या ताफ्यापुढे कडकनाथ कोंबड्या फेकण्यात आल्या, तेव्हा कोठे उर्वरित महाराष्ट्राचे लक्ष या प्रकरणाकडे गेले.

पुढे फसवणुकीचे गुन्हे नोंदले गेले. फसलेल्या रकमेचा आकडा शेकडो कोटींत सांगितला गेला. व्यक्तींच्या दोषादोषाचा निवाडा करणे हे न्यायालयाचे काम आहे. वृत्तपत्रातील लेखकाने ते अंगावर घेऊ नये. परंतु अर्थशास्त्राच्या अभ्यासकाला येथे एक निराळाच प्रश्न पडतो. ही योजना चालविणारे सर्वजण धुतल्या तांदळासारखे असते, तरी ती टिकली असती काय? याचे उत्तर नकारार्थी आहे, आणि ते का, हे समजून घेणे गुन्हेगार कोण हे समजण्याइतकेच महत्त्वाचे आहे.

पक्षी खरा होता

प्रथम हे स्पष्ट केले पाहिजे की, यात कोंबडीचा काही दोष नाही. कडकनाथ हा मध्य प्रदेशातील झाबुआ, अलिराजपूर व धार या जिल्ह्यांतील भिल्ल आणि भिलाला समाजाने पिढ्यान्‌पिढ्या सांभाळलेला अस्सल देशी वाण होय. पिसे, कातडी, तुरा, एवढेच नव्हे तर मांस आणि हाडेदेखील काळसर, म्हणून त्याला तिकडे ‘कालीमासी’ म्हणतात. चीनमधील सिल्की आणि इंडोनेशियातील आयाम चेमानी या कोंबड्यांत जो आनुवंशिक बदल आढळतो, तोच या काळेपणाच्या मुळाशी आहे. २०१८ साली झाबुआच्या कडकनाथच्या काळ्या मांसाला भौगोलिक मानांकन मिळाले आणि या पक्ष्याचे नाव देशभर झाले.

परंतु देशी वाणाचे गुण आणि त्याची उत्पादकता या भिन्न गोष्टी आहेत. व्यापारी जातीची कोंबडी वर्षाला तीनशेच्या आसपास अंडी देते. कडकनाथ शंभराच्या आतबाहेर राहते. ब्रॉयलर पक्षी सुमारे सहा आठवड्यांत दोन किलोंचा होतो. कडकनाथला किलोभर वजन गाठावयास पाच महिने लागतात. तेव्हा त्याचे मांस आणि अंडे महाग पडणार हे उघड आहे. महाग वस्तूला गिऱ्हाईक नसतेच असे नाही. पण ते थोडे असते, शहरांत विखुरलेले असते आणि एका चवीवर दरमहा पैसे खर्च करण्याची त्याची तयारी बेताचीच असते.

वाढत्या पटीचे गणित

त्या वेळी प्रसिद्ध झालेल्या माहितीनुसार सुमारे ७५ हजार रुपये भरणाऱ्यास दोनशे पिलांचे एक ‘युनिट’ मिळे आणि पुढे त्याची अंडी व पक्षी बाजारभावाहून कितीतरी चढ्या दराने परत घेण्याची हमी दिली जाई. आता साधा हिशेब करू. दोनशे पिलांतून शंभर माद्या वाढल्या आणि प्रत्येकीने वर्षाला ऐंशीच अंडी दिली असे धरले, तर एका युनिटची अंडी आठ हजार होतात. कंपनी एवढी अंडी चढ्या दराने घेऊन करणार काय? ती खाणारा ग्राहक तिने उभा केलेला नसेल, तर एकच मार्ग उरतो. अंडी उबवावयाची आणि पिले नव्या सभासदांना विकावयाची.

यांपैकी निम्मीच अंडी जगत्या पिलांत रूपांतरित झाली असे मानले, तरी पिले होतात चार हजार, म्हणजे वीस नवी युनिटे. याचा अर्थ, पहिल्या वर्षाच्या एका सभासदाला पैसे मिळावयाचे तर दुसऱ्या वर्षी वीस नवे सभासद हवेत, तिसऱ्या वर्षी चारशे, चौथ्या वर्षी आठ हजार आणि पाचव्या वर्षी एक लाख साठ हजार. हा गुणाकार एका सभासदापासून सुरू झालेला आहे. आरंभी शंभर सभासद असतील तर काय होईल याची कल्पना वाचकांनीच करावी. दोन जिल्ह्यांतील प्रत्येक घरात खुराडे झाले तरी ही साखळी पुरी होणार नाही. ज्या दिवशी नवा सभासद येणे थांबेल, त्या दिवशी जुन्याचे अंडे कवडीमोल होईल. चारित्र्यशुद्ध संचालक मंडळालाही या गुणाकारातून सुटका नाही.

‘कोंबडीज्वरा’चा इतिहास

असे प्रथमच घडले असेही नाही. अमेरिकेतील बोस्टन शहरात १८४९ साली कोंबड्यांचे एक मोठे प्रदर्शन भरले. चीनमधून आलेल्या शांघाय व कोचीन जातींचे अवाढव्य, पायांवर पिसे असलेले पक्षी पाहावयास हजारो लोक लोटले. या पक्ष्यांच्या जोडीसाठी लोक वाटेल ती किंमत मोजू लागले. जॉर्ज बर्नहॅम नावाच्या व्यापाऱ्याने तर १८५२ मध्ये काही पक्षी व्हिक्टोरिया राणीला नजर केले आणि त्या प्रसिद्धीवर आपला धंदा वाढविला. पक्षी विकत घेणारा तो खाण्यासाठी घेत नसे. त्याची पिले दुसऱ्याला विकण्यासाठी घेत असे. पिले सर्वत्र झाली तेव्हा भाव कोसळले, आणि १८५५ साली खुद्द बर्नहॅमनेच या ‘कोंबडीज्वरा’चा विनोदी इतिहास लिहून प्रसिद्ध केला. त्याच बोस्टनमध्ये १९२० साली चार्ल्स पाँझीने नव्या ठेवीदारांच्या पैशांतून जुन्यांना व्याज देण्याचा उद्योग केला आणि त्याचे नाव अशा सर्व योजनांना कायमचे चिकटले. भारतातही तामिळनाडूत एमू पालनाची योजना २०१२ साली अशीच कोसळली.

मात्र बोस्टनच्या ज्वरानंतर जे घडले तेही ध्यानात ठेवण्याजोगे आहे. इंग्लंडात १८६५ साली प्रदर्शनी पक्ष्यांची प्रमाणे ग्रंथरूपाने ठरविण्यात आली. अमेरिकेतही १८७४ साली तसेच झाले. तुरा कसा असावा, पिसांचा रंग कोणता, वजन किती, हे लिखित झाले. परीक्षक नेमले गेले. तेव्हापासून उत्तम पक्ष्याची किंमत अफवेवर न ठरता डोळ्यांसमोरच्या गुणांवर ठरू लागली. छांदिष्टांचे मंडळ लहान राहिले. पण वाण टिकले.

आपल्या भागाला ही रीत परकी नाही. खरसुंडीच्या व पुसेगावच्या यात्रांत खिलार खोंडाची शिंगे, पाठ, चाल पाहून पारख करणारे जाणते शेतकरी आजही आहेत. जतकडच्या माडग्याळी मेंढ्याचे बाकदार नाक पाहून किंमत ठरते. २०२० च्या अखेरीस आटपाडीच्या बाजारात अशाच एका मेंढ्याला ७० लाखांची मागणी आल्याची बातमी गाजली होती. तो आकडा शहाणपणाचा की हौसेचा, हा वाद करता येईल. परंतु घेणारा जनावर स्वतः पाहत होता आणि आपली हौस आपल्या खिशातून भागविणार होता. कडकनाथच्या व्यवहारात पक्षी पारखण्याचे कारणच उरले नव्हते. पक्षी शुद्ध की संकरित, सशक्त की रोगट, याने परताव्याचा दर बदलत नव्हता. जेथे वाणाचा गुण किमतीत उतरत नाही, तेथे वाणाचे संवर्धन होत नसते. केवळ संख्येची वाढ होत असते.

लोभ की लाचारी?

अशा प्रसंगी सुशिक्षितांच्या तोंडी एक वाक्य ठरलेले असते : ‘लोभ नडला.’ हे वाक्य सोपे आहे, पण न्याय्य नाही. या कुटुंबांनी नुसते पैसे गुंतविले नव्हते; त्यांनी शेड बांधल्या, पहाटे उठून खाद्य-पाणी केले, रात्री पिलांना ऊब दिली. दोन-तीन एकरांच्या शेतीत भागत नाही, पदवीधर मुलाला नोकरी नाही, अशा घराला गावातच राहून करता येणारा उद्योग हवा होता. लॉटरीचे तिकीट घेणाऱ्याच्या रांगेत त्यांना बसविणे अन्यायाचे होईल. शिवाय कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली स्थापन केलेल्या संस्थेमुळे ‘रयत’ या शब्दाला या मुलखात जे पुण्य लाभले आहे, त्या शब्दाचा ध्वनी कंपनीच्या नावात होता, हेही विसरून चालणार नाही. सहकारी कारखाने आणि दूध संघ यांनी पन्नास वर्षांत निर्माण केलेला विश्वास हे या जिल्ह्यांचे भांडवल आहे. कडकनाथने पैशांबरोबर तेही खर्ची घातले.

करार म्हणजे काय?

हा व्यवहार ‘करार शेती’च्या नावाने ओळखला गेला. ब्रॉयलर व्यवसायातील करार पाहिला म्हणजे त्यातील फरक कळतो. तेथे पिले, खाद्य व औषधे कंपनी स्वतःच्या पैशाने देते. शेतकरी शेड, वीज व श्रम पुरवितो आणि त्याला वजनावर संगोपन-दर मिळतो. या दराविषयी शेतकऱ्यांच्या तक्रारी आहेत आणि त्यांत तथ्यही आहे. परंतु पक्षी विकला न गेल्यास पहिला तोटा कंपनीला होतो. म्हणून ती गिऱ्हाईक असल्याखेरीज पिले टाकीत नाही. कडकनाथमध्ये भांडवल शेतकऱ्याचे, श्रम शेतकऱ्याचे आणि तोटाही शेतकऱ्याचाच होता. ज्याला करार म्हटले गेले, ती वस्तुतः ठेव होती.

ठेवीसाठी कायदे आहेत. महाराष्ट्रात ठेवीदारांच्या हितसंरक्षणाचा कायदा १९९९ पासून आहे. अनियंत्रित ठेव योजनांवर बंदी घालणारा केंद्रीय कायदा तर २०१९ च्या जुलैमध्ये, म्हणजे हे प्रकरण फुटण्याच्या तोंडावरच झाला. पण हे कायदे बहुधा घर जळाल्यानंतर पाण्याची बादली घेऊन येतात. परतखरेदीची हमी देऊन शेतकऱ्याकडून आगाऊ पैसे घेणाऱ्या प्रत्येक योजनेची जिल्हा पातळीवर पूर्वनोंदणी सक्तीची करावी, आणि खरेदीच्या हमीइतकी रक्कम बँकेत तारण ठेवल्याखेरीज पहिले पिलू विकू देऊ नये. दुसरे, सातारा जिल्ह्यातच शिरवळ येथे पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. देशी कोंबड्यांची प्रमाणे ठरविणे, शुद्ध वाणाचे दाखले देणे आणि दोन्ही जिल्ह्यांत वार्षिक पारख-प्रदर्शने भरविणे हे काम त्याच्याकडे सोपविता येईल. त्यातून दहा हजार पक्षी एकदम निर्माण होणार नाहीत. परंतु जे होतील त्यांना जाणते गिऱ्हाईक असेल.

शिक्षक, कारकून व विद्यार्थी यांनाही यात एक काम आहे. गावात योजनेचे माहितीपत्रक आले की ते वाचून दाखविण्यासाठी लोक त्यांच्याचकडे येतात. त्यांनी परताव्याचा आकडा वाचण्यापूर्वी तीन प्रश्न विचारावेत. वस्तूचा अंतिम उपभोक्ता कोण आणि आज तो कोणत्या भावाने ती घेत आहे? पहिला तोटा कोणाच्या वाट्याला येणार? नवा सभासद एकही आला नाही, तर जुन्याचे पैसे कोठून देणार? उद्या कोंबडीऐवजी शेळी येईल, औषधी वनस्पती येईल किंवा आज नावही ठाऊक नसलेले एखादे पीक येईल. हे तीन प्रश्न मात्र बदलणार नाहीत. आणि ज्या माहितीपत्रकात त्यांची उत्तरे नसतील, ते घडी करून आणणाऱ्याच्या हाती परत द्यावे.