पर्वरीला पालिका का नाही?

पर्वरीत गोव्याची विधानसभा आहे, सचिवालय आहे आणि २०२१ पासून मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाची नवी इमारतही तिथेच आहे. सगळ्या राज्याचा कारभार जिथून चालतो, त्या पर्वरीला स्वतःची नगरपालिका मात्र नाही. बहुमजली इमारतींनी भरलेली, राष्ट्रीय महामार्गाने चिरलेली ही वस्ती पेन्ह द फ्रान्स, सुकूर अशा ग्रामपंचायतींत वाटली गेली आहे. आणि ही एकट्या पर्वरीची गत नव्हे. २०११ च्या जनगणनेत गोव्यात ७० शहरे मोजली गेली. त्यांपैकी पणजी महापालिका आणि १३ नगरपालिका सोडल्या, तर उरलेली ५६ शहरे लोकसंख्येने, दाटीने आणि पोटापाण्याच्या व्यवसायाने शहरे असूनही सरकारदफ्तरी गावेच होती. राज्याची ६२ टक्के लोकसंख्या शहरी आणि शहराला लागणारी यंत्रणा मात्र चौदा ठिकाणी, हे गणित लहान राज्याच्या सोयीचे म्हणून आपण फार काळ खपवून घेतले आहे.

लहान राज्यात सत्ता लोकांच्या हाताशी असते, असे मानले जाते. गोव्यात ती हाताशी आहे, पण आमदाराच्या. चाळीस मतदारसंघांत सरासरी तीस हजारांच्या आत मतदार येतात. मुंबई महापालिकेच्या सरासरी प्रभागातही याहून जास्त असतात. साहजिकच गटार, नळ, रस्त्याचे डांबर ही नगरसेवकाची आणि पंचाची कामे आमदारच अंगावर घेतो, कारण निवडून येण्याचा तोच मार्ग. मग आपल्या मतदारसंघात दुसरे सत्ताकेंद्र उभे राहावे, असे त्याला का वाटेल? त्यात राज्यघटनेची एक तरतूद भर घालते. मंत्र्यांची संख्या सभागृहाच्या १५ टक्क्यांहून जास्त नको, पण राज्य कितीही लहान असले तरी बारा मंत्री चालतात. चाळीसचे १५ टक्के होतात सहा. गोव्यात बारा होऊ शकतात. म्हणजे काठावरच्या बहुमतात सत्ताधारी बाकांवरच्या निम्म्याहून अधिक जणांना मंत्रिपद मिळू शकते. दोन तृतीयांश आमदार जमवून पक्ष बदलणेही अशा सभागृहात जड जात नाही : २०१९ मध्ये काँग्रेसच्या पंधरापैकी दहा आणि २०२२ मध्ये अकरापैकी आठ आमदार भाजपमध्ये गेले. इतकी थोडी माणसे इतके सारे ठरवतात, तेव्हा त्यांना खालून आवर घालणाऱ्या संस्था भक्कम लागतात.

त्या नसल्या की भार न्यायालयावर पडतो. २०२१ च्या पालिका निवडणुकांच्या वेळी राज्याच्या विधी सचिवांकडेच राज्य निवडणूक आयुक्तपदाचा अतिरिक्त कार्यभार होता. मडगाव, म्हापसा, मुरगाव, सांगे आणि केपे इथल्या प्रभागांचे आरक्षण उच्च न्यायालयाने रद्द केले. प्रकरण दिल्लीला गेले आणि १२ मार्च २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने बजावले की सरकारी नोकरीतल्या व्यक्तीला हे पद देता येणार नाही. पाच छोट्या शहरांच्या प्रभागांवरून देशभरासाठी दंडक ठरला. पुढे नगरनियोजन कायद्याच्या कलम १७(२) खालचे, एकेका भूखंडाचा वापर बदलू देणारे नियमही मार्च २०२५ मध्ये उच्च न्यायालयातच रद्द झाले. न्यायालयाने आपले काम चोख केले. पण शहराच्या जमिनीचा प्रश्न आधी त्या शहराच्या सभागृहात लढला जायला हवा; तिथे तो अडला असता, तर नागरिकांना वकील शोधावे लागले नसते.

पर्वरीसारख्या वस्त्यांना पालिका देण्यावर घेतला जाणारा सर्वांत वजनदार आक्षेप ग्रामसभेचा आहे. पंचायत क्षेत्रात प्रत्येक मतदाराला ग्रामसभेत उभे राहून एखाद्या प्रकल्पाला विरोध करता येतो. पालिका झाली की हे व्यासपीठ जाते, कर वाढतात, बिल्डरांना रान मोकळे होते, ही भीती खरी आहे आणि ती कोणी थट्टेवारी नेऊ नये. राज्यघटनेने प्रभाग समित्या सक्तीच्या केल्या त्या तीन लाख आणि त्याहून मोठ्या शहरांत. गोव्यात तेवढे शहरच नाही. पण सक्ती नाही म्हणजे मनाई नव्हे. पालिका कायद्यात प्रभागसभेला ग्रामसभेइतकेच अधिकार आधी लिहावेत आणि मगच पर्वरीसारख्या वस्तीचा दर्जा बदलावा. दुसरा आक्षेप, एवढ्याशा राज्याला इतक्या संस्था परवडतील कशा? तर काटकसर आधीच झालेली आहे : वीस लाखांखालच्या राज्याला तालुका पंचायतीचा स्तर वगळता येतो आणि गोव्याने तो वगळलाच आहे. शिवाय गाव आणि शहर यांच्या मधल्या टप्प्यासाठी घटनेत नगरपंचायतीची सोय आहे. सीमेपलीकडे सिंधुदुर्गात कुडाळ आणि कसई-दोडामार्ग इथे ती आहे. पर्वरीपुढे दोडामार्ग कितीतरी लहान. महाराष्ट्राला जे दोडामार्गसाठी जमले, ते गोव्याच्या विधानसभेने आपल्या दारातल्या पर्वरीसाठी करावे.